तीन होकारांची सहल

आमच्या सासऱ्यांनी जन्मभर शिलाई मशिनी विकल्या. दारोदार फिरून, हातात मशिनीच्या चित्रांची चोपडी घेऊन. जाताना त्यांनी मागे ठेवलं ते एक घर, एक छत्री आणि एक नियम. छत्री माझा नवरा बसमध्ये विसरला. घर सासूबाईंच्या नावावर आहे. नियम मात्र थोरल्या भावजींनी उचलला.

नियम असा, की समोरच्याकडून मोठा होकार हवा असेल तर आधी तीन छोटे होकार काढून घ्यायचे. बाई, आज ऊन फार आहे ना? हो. मुलांचे कपडे लवकर फाटतात ना? हो. शिंप्याकडे खेपा घालून जीव जातो ना? हो बाई, जातो. मग चौथा प्रश्न मशिनीचा. तीनदा हो म्हटलेली जीभ चौथ्यांदा नाही म्हणायला वळत नाही, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. मध्ये एक जरी नकार पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

भावजी पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या कंपनीत मॅनेजर आहेत. हाताखालच्या पोरांना हा नियम ते पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतात, आणि तो वडिलांचा आहे हे सांगायला विसरतात. घरातही त्यांचं सगळं याच वाटेने चालतं. "आज जरा गार आहे ना?" असं त्यांनी फोनवर विचारलं की मी सरळ विचारते, "भावजी, कुठे सोडायचंय?" मी ड्रायव्हिंग शिकवते. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी माझ्याकडे असते, त्यामुळे या घराण्याची निम्मी ने-आण माझ्या गळ्यात पडलेली आहे.

आता घराचं सांगते. तिथे सासूबाई एकट्याच राहतात, पुढच्या खोलीत बसतात आणि लोकांचे कपडे दुरुस्त करून देतात. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, लग्नात शिवलेले आणि आता अंगात न शिरणारे कपडे उसवून सैल करायचे. मशीन खिडकीशी, रस्त्याकडे तोंड करून. गिऱ्हाईक खिडकीतूनच पिशवी आत टाकतं आणि दोन वाक्यं बोलून जातं. एकेकाळी तो राहत्या माणसांचा रस्ता होता. आता दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उठल्या आहेत आणि मधोमध आमचं घर दातात अडकलेल्या काडीसारखं बसलंय. ती काडी काढायला एक बिल्डर उत्सुक होता. त्याला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं, आणि उत्तर द्यायचं होतं सासूबाईंनी.

बाकीच्यांची उत्तरं तयारच होती. बाजारात तुरी म्हणतात तशी गत. भावजींनी गच्चीवाला फ्लॅट मनातल्या मनात घेऊनही टाकला होता. जाऊबाईंनी त्यात कपड्यांसाठी वेगळी खोली काढली होती. माझा नवरा दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांची मापं घेतो, त्याला स्वतःचं दुकान हवं होतं. आणि मी काही देवळातली समई नाही. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत फ्रिज झोपायच्या खोलीत आहे, आणि तो नवऱ्यापेक्षा मोठ्याने घोरतो. मला स्वयंपाकघरात मावणारा फ्रिज हवा होता. प्रत्येकाचं काय ते ठरलं होतं, फक्त सासूबाईंनी हो म्हणायचं बाकी होतं.

पण सासूबाईंना घरी काही विचारायची सोय नाही. पायाखाली मशीन चालू असलं की त्यांना ऐकू येत नाही, निदान नको असलेलं तरी. म्हणून भावजींनी तोडगा काढला, त्यांना मशिनीपासून लांब न्यायचं. समुद्रावर.

"समुद्रावर माणूस मऊ होतो," भावजी म्हणाले.

"ओला होतो," मी म्हटलं.

"आणि आईने अजून समुद्र बघितलेला नाही," माझा नवरा म्हणाला. हे खरं होतं. सासरे त्यांना जन्मभर पुढच्या वर्षी नेत होते.

किनारा निवडला तो सगळे जातात तो. तिथे सगळे का जातात, तर सगळे जातात म्हणून. हॉटेलवाल्याने समुद्र दिसणारी खोली कबूल केली होती, आणि माणूस खोटं बोलला नाही. न्हाणीघराच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलं आणि मागून कुणी घट्ट धरलं, तर समुद्र दिसत होता. भावजींनी इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं की किनाऱ्याचा पुरेपूर आनंद कसा घ्यावा, आणि त्या आनंदाचे गजर फोनमध्ये लावून ठेवले होते. गजर वाजला की उठायचं आणि पुढच्या आनंदाकडे पळायचं.

पहिला गजर सूर्योदयाचा. आम्ही वाळूवर पोचलो तर खुर्च्या आधीच भरलेल्या. माणसांनी नाही, टॉवेलांनी. लोक अंधारात येऊन खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरतात आणि परत जाऊन झोपतात. रांगेने टॉवेल बसले होते समुद्र बघत, आणि त्यांचे मालक खोलीत पडदे ओढून घोरत होते. सूर्य मागे हॉटेलांच्या बाजूला आला तेव्हा इतके फोन वर झाले की तो नेमका कुठून आला हे मला शेवटी जाऊबाईंच्या फोनमध्ये बघावं लागलं.

मग पंखांची भिंत. एका दुकानाच्या भिंतीवर दोन मोठे पंख रंगवलेले होते, त्यांच्यामध्ये उभं राहून फोटो काढायचा, म्हणजे आपण परी. परी व्हायची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि रांगेत धक्काबुक्की चालली होती. त्यानंतर पाण्यात लावलेला झोका. त्याच्यावर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि दूर क्षितिजाकडे एकट्याने बघायचं. एकट्याने बघणाऱ्यांची रांग पंखांच्या रांगेहून लांब होती, आणि मागचे ओरडत होते, "अहो, उरका की! किती वेळ एकटे बसणार?" जाऊबाई प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रंगाच्या ड्रेसमध्ये एकट्या बसल्या. बदलायचे ड्रेस माझ्या खांद्यावर होते.

सासूबाई कुठेही रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. त्या बाजूला उभ्या राहून लोकांच्या शिवणी बघत होत्या.

नाश्त्याला भावजींनी कामाला सुरुवात केली. त्यांनी आवाज मधाळ केला, तो ते गिऱ्हाइकांसाठी ठेवतात तोच.

"आई, खोली छान आहे ना?"

"उशी उंच आहे."

"पण हवा छान आहे की नाही?"

"हं."

"हं म्हणजे हो ना?"

"हं म्हणजे हं. तू खा, गार होतंय."

कॉफीच्या यंत्रामागे आमची बैठक भरली. 'हं' धरायचं की नाही? माझा नवरा म्हणाला, अर्धा धरू. जाऊबाई म्हणाल्या, आईंनी मान हलवलेली मी डोळ्यांनी बघितली. मी म्हटलं, त्या माशी हाकलत होत्या. भावजी गंभीर झाले. बाबांच्या काळी शब्द तोंडातून बाहेर पडल्याशिवाय धरत नसत, ते म्हणाले. मग 'बरं'चा प्रश्न निघाला, कारण सासूबाई हो कधी म्हणतच नाहीत, त्या बरं म्हणतात. जास्तीत जास्त 'बघू'. शेवटी ठरलं की 'बरं' चालेल, पण ते हसून म्हटलेलं हवं. यंत्रापाशी कॉफीला थांबलेला एक माणूस हे सगळं ऐकून कॉफी न घेताच निघून गेला.

दिवसभर आम्ही त्या बाईच्या मागे हात धुऊन लागलो होतो. आई, वारा लागतोय ना छान? केस विस्कटतात. आई, वाळू मऊ आहे ना? चपलेत जातेय. काचेच्या तळाच्या बोटीत बसवलं, तिथे काचेखाली दिसणारा मासा कुणीतरी तारेने बांधून ठेवलाय असा त्यांना संशय आला. दुसऱ्या किनाऱ्यावर नेलं, तिसऱ्या किनाऱ्यावर नेलं. तिन्ही ठिकाणी तेच पंख, तोच झोका, त्याच गॉगलवाल्याचे भाऊबंद. सूर्यास्त पॉइंटवर पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता, कारण वाटेतला शिंपल्यांच्या दरवाजाचा फोटो चांगला आला नव्हता, तो पुन्हा काढावा लागला. भावजींनी सूर्यास्तावर टिक केली ती केलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडं जरा पुढे सरकलं.

"आई, आइसक्रीम आवडलं?"

"हो."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. स्वच्छ, ठसठशीत हो.

"अजून एक घेऊ?"

"हो, घे की."

जाऊबाईंनी माझा दंड आवळला. भावजी एवढ्या घाईने आइसक्रीम आणायला धावले की अर्धं त्यांच्या मनगटावर आलं. सासूबाईंनी ते सावकाश, कागद चाटून संपवलं. भावजींनी घसा साफ केला.

"आता त्या मोटारबोटीत एक चक्कर मारायची ना?"

"नको बाबा. दोन आइसक्रीमं झालीत, मळमळेल."

पालथ्या घड्यावर पाणी. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. भावजी हिरमुसून, माणसाला छत्रीला बांधून हवेत उडवणाऱ्या बोटीकडे गेले, तिचं तिकीट आधीच काढलं होतं. माझा नवरा त्यांच्याबरोबर गेला, आणि जाऊबाई त्या दोघांचे फोटो काढायला गेल्या. मी गेले नाही. जिथे माझ्या पायाखाली ब्रेक नाही तिथे मी बसत नाही.

मोठ्या छत्रीखाली सासूबाई आणि मी उरलो. जाऊबाईंच्या पिवळ्या ड्रेसचा खांद्यावरचा बंद पंखांच्या भिंतीपाशी तुटला होता. सासूबाईंनी पर्समधून सुईदोरा काढला आणि तो शिवायला घेतला. वाऱ्यात, वाळूत, पहिल्या फटक्यात सुईत दोरा.

"तुझ्या सासऱ्यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला होता, सांगितलंय का मी?" त्या म्हणाल्या. "ताई, सुईत दोरा ओवताना डोळे दुखतात ना? माझे कसले दुखताहेत! विशीतली पोर मी. पण म्हटलं हो."

"मग मशीन घेतलंत?"

"वडिलांनी घेतलं. मग मशीन नीट चालतंय का बघायला हे येऊ लागले. सारखे. एका मशिनीला इतकं बघायचं काय असतं? आई आत हसायची. एक दिवस आले आणि पुन्हा सुरू. मशीन हलकं चालतं ना? हो. आवाज कमी आहे ना? हो. शिवताना जवळ कुणी बोलायला असलं तर बरं वाटतं ना? मला हसू फुटलं. ते त्यांनी हो धरलं."

"आणि चौथा?"

"चौथा लग्नाचा. त्याला हो म्हटलंच. पण काय आहे, मला त्यांच्याशी करायचंच होतं. पहिल्या दिवशी जिना चढून आले ना, तेव्हापासून. त्या तीन प्रश्नांचा काही संबंध नव्हता." त्यांनी गाठ मारली. "हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मीही सांगितलं नाही. आपल्याला एक विद्या येते असं माणसाला वाटत राहिलं, तर आपलं काय जातं?"

या बाईला मी इतकी वर्षं गाडीतून ने-आण केली, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला.

"थोरल्याचं कितीवर अडलंय? दोनावर ना?"

मी वाळूत काहीतरी शोधू लागले.

"अगं, लाजतेस काय. त्याचा बाप माझ्यावर शिकला, तो बापाकडून शिकला, आणि आता मलाच शिकवतोय. तो बिल्डर आधी माझ्याकडेच येऊन गेला. पँट घेऊन आला होता, उंची कमी करायला. मी मापाला टेप लावली तर पँटची उंची बरोबर होती."

"मग आई, तुम्ही भावजींना सांगून का टाकत नाही? काय ते हो किंवा नाही?"

"सांगितलं तर गजर बंद करून उद्या सकाळी घरी नेतील मला. अजून मी पाण्यात कुठे गेलेय?" त्यांनी ड्रेस झटकून घडी घातली. "आणि अजून तो बर्फाचा रंगीत गोळासुद्धा खायचाय."

मी हे कुणाला सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजा वाटत होती, आणि थोडी आशाही होती. हिने मनातून हो ठरवलं असेल, असं फ्रिज माझ्या कानात म्हणत होता. संध्याकाळी त्यांनी भावजींकडून रंगीत बर्फ खाल्ला, भाजलेली कणसं खाल्ली, घोडागाडीतून किनाऱ्यावर चक्कर मारली, आणि प्रत्येक वेळी बरोबर दोन होकार देऊन तिसऱ्याला 'कशाला' म्हटलं. भावजींचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "जवळ आलोय आपण. अगदी जवळ. अजून थोडं खायला घालायला हवं."

शेवटच्या दिवशी सासूबाई गाऊन घालून खाली आल्या. त्याची उंची त्यांनी स्वतःच गुडघ्याच्या जरा खालपर्यंत आणली होती आणि पाण्यात फुगू नये म्हणून खालचा घेर टाके घालून आवळला होता. मोटारीच्या ट्यूब भाड्याने देणाऱ्या बाईशी त्यांनी दोन मिनिटं घासाघीस केली, सगळ्यांत मोठी ट्यूब घेतली, आणि कुणाला न विचारता पाण्यात चालू लागल्या. भावजींच्या फोनवर मसाल्याच्या बागेचा गजर वाजत होता. या वेळेला आम्ही तिकडे निघायचं होतं.

पहिल्या लाटेला त्या ओरडल्या. दुसऱ्या लाटेला शिवी दिली. त्यांना शिवी येते हे त्यांच्या मुलांना तेव्हा कळलं. तिसरी लाट आली तोवर त्या ट्यूबमध्ये बसल्या होत्या, पाय वर, हात बाहेर, आणि लाट त्यांना उचलून पुढे नेऊन ठेवत होती. त्या हसत होत्या. मशिनीवर बसून गिऱ्हाइकाशी बोलताना हसतात तसं नाही, तोंड उघडं टाकून, सगळे दात दाखवून. मी ट्यूबच्या दोरीला धरून बाजूला उभी होते. इतकं स्वच्छ हसताना मी मोठं माणूस बघितलेलं नाही, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

किनाऱ्यावर भावजींनी गजर बंद केला. संधी चालून आल्याचं त्यांना कळलं. ते छातीएवढ्या पाण्यात आले, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला फोन लोंबत होता. मागून माझा नवरा. जाऊबाई गुडघ्याएवढ्या पाण्यात थांबून व्हिडिओ घेऊ लागल्या.

"आई, मजा येतेय ना?"

"हो!"

"पाणी भीती वाटण्यासारखं नाही ना?" नवऱ्याने त्यांना कोपराने ढोसलं, कारण यात नाही होतं. भावजींनी घाईघाईने दुरुस्ती केली. "म्हणजे, पाणी छान आहे ना?"

"हो रे!"

भावजींनी पाठीमागे नवऱ्याला दोन बोटं दाखवली.

"अजून थोडा वेळ थांबायचं ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग थोरल्याकडे.

"हो," त्या म्हणाल्या.

तीन. लागोपाठ, मध्ये एकही 'हं' नाही. माझ्या नवऱ्याने माझा हात धरला. भावजींनी डोळे मिटले, बहुधा वडिलांना स्मरलं, आणि चौथा प्रश्न सुरू केला.

"आई, आपण ते घर वि—"

लाट सरळ त्यांच्या तोंडात गेली. ते खोकले, नाकातून पाणी काढलं, फोनची पिशवी चाचपली.

"तोंड पूस आधी," सासूबाई म्हणाल्या. "हं, काय विचारत होतास?"

"घर विकून टाकू या का?"

"हो."

भावजी हसले, नवरा हसला, जाऊबाई तिकडून "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?" ओरडत पाणी तुडवत आल्या आणि कळल्यावर त्यांनी पाण्यात उडी मारली. बाबांचा नियम! अजूनही चालतो! भावजींनी धाकट्या भावाला मिठी मारली. मीही हसत होते. डोळ्यांसमोर ओट्याशेजारी फ्रिज उभा राहिला होता, पांढरा, गप्प.

"त्याची पँट उगीच आखूड केली मी," सासूबाई म्हणाल्या, "पण माणूस वाईट नाही. घर जुनं झालंय, पावसाळ्यात भिंत ओली होते, माझेही गुडघे आता मशिनीवर दुखतात. विकू या. मग मी कुणाकडे राहायचं?"

लाट आली आणि गेली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता. फरशीचा रंग निघाला होता. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं केवढी हवीत, तेही निघालं होतं. भावजींनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याने भावजींकडे बघितलं. जाऊबाईंनी फोन खाली केला आणि त्याच्यावरचं पाणी पुसू लागल्या, ते पुसून झालं तरी पुसतच राहिल्या. माझ्या तोंडाशी आलं होतं, आमच्याकडे या. पण आमच्याकडे म्हणजे कुठे, त्यांचा पलंग कुठे, त्यांचं मशीन कुठल्या खिडकीशी, असा हिशेब मी करत बसले आणि वेळ निघून गेली. असल्या गोष्टींना वेळ फार थोडा असतो.

"आई, आता पाण्यात कशाला तो विषय?" भावजी म्हणाले. "तो आपण घरी गेल्यावर बोलू."

"कुठल्या घरी?"

भावजींच्या तोंडचं पाणी पळालं, एवढ्या समुद्रात.

"तसं नाही आई. म्हणजे आळीपाळीने... किंवा हल्ली फार चांगल्या सोयी असतात, बागबीग असते..."

"मी तुला साधं विचारलं," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आधी तीन प्रश्न घातले नाहीत, आइसक्रीम खायला घातलं नाही. तुम्ही दोघं आहात, दोघांच्या दोघी आहेत. चौघांनी मिळून ठरवा. मला आजच सही करायला सांगा, मी करते. फक्त माझं मशीन कुणाच्या खिडकीशी ठेवायचं तेवढं सांगा." त्यांनी माझ्या हातातली दोरी सोडवून घेतली. "तुमचं ठरलं की मला हाक मारा. मी आहे इथेच."

आणि त्या पाठ टेकून ट्यूबमध्ये पडल्या आणि पायांनी पाणी मारत जरा आत गेल्या.

आम्ही बाहेर येऊन टॉवेलांवर बसलो. भावजी म्हणाले, त्यांच्या नव्या फ्लॅटला लिफ्ट असली तरी जिना उंच आहे. जाऊबाई म्हणाल्या, आईंना आमच्या घरातला एसी सोसायचा नाही. माझा नवरा म्हणाला, आमच्या तर दोनच खोल्या. मी म्हटलं, घर विकलं की दोनाच्या तीन होतील की. तो म्हणाला, मग दुकान कुठून येणार? त्यावर मी गप्प बसले. माझं गप्प बसणं त्याने होकार धरलं. मसाल्याच्या बागेचा गजर मघाशी बंद केला होता, आता सूर्यास्ताचा वाजला. कुणी उठलं नाही. समोर सूर्य चांगला मोठा, लाल, अगदी मोकळा बुडत होता. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

पाण्यात ती ट्यूब वरखाली होत होती. लाट आली की वर, गेली की खाली. मधूनच त्यांचं हसू ऐकू येत होतं. एकदा मी उठून पाण्यापर्यंत गेले, तोंडाभोवती हात धरले, आणि काय ओरडायचं ते न सुचून तशीच परत आले.

ट्यूबवाली बाई सामान आवरू लागली तेव्हा सासूबाई आपणहून बाहेर आल्या. बोटं पाण्याने सुरकुतली होती, ओठ निळे पडले होते, चेहरा नुसता उजळला होता. मी टॉवेल दिला. त्यांनी केस पुसले, कान पुसले, आम्हा चौघांकडे एकेक करून बघितलं.

"आतमध्ये लाटांचा फार आवाज असतो गं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं नसेल. कुणी हाक मारली होती का?"

चौघांपैकी एकानेही हो म्हटलं नाही.